दुकान मुलीला, घर मुलाला

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारी, वय सत्तरीपार, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझा मेंदू शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो बाईचा की पुरुषाचा, हे दाखल्यात नाही. डॉक्टरांना तो फरक महत्त्वाचा वाटला नसावा. माझ्या धाकट्या दिरांना वाटतो. त्यावर व्याख्यानं देऊन देऊनच त्यांचं पोट सुटलं आहे.

१. भावजींचं म्हणणं असं, की पुरुषाचा मेंदू यंत्रात चालतो आणि बाईचा मायेत. यजमान गेल्यावर मी अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी याच न्यायानं घराची घडी बसवली. मुलाला दुकानात बसवलं, मुलीला माझ्या उशाशी. मुलगा गिऱ्हाइकांची सुखदुःखं अशी काही ऐकून घ्यायचा, की बायका डोळे पुसत हलक्या मनानं घरी जायच्या, आणि मशीन बिघडलेलंच परत न्यायच्या. इकडे मुलीला माझ्या खाटेची कुरकुर सोसेना. "आई, जरा कुशीवर वळ, खालचा नट काढते," म्हणाली, आणि मी खाटेसकट जमिनीवर आले. भावजी म्हणाले, "हे अपवाद आहेत, वहिनी." घरात मुलं दोन आणि दोन्ही अपवाद. नियम बहुधा शेजारी राहत असावा.

२. सबब दुकान, त्यातली हत्यारं, सुटे भाग आणि तेलाच्या बुधल्या मुलीला. गिऱ्हाइकाशी बोलताना तिनं तोंड आवरावं. जमत नसेल तर भावाला बोलावून घ्यावं.

३. राहतं घर मुलाला. दुकानातून पळून येऊन त्यानंच मला भरवलं, माझे केस विंचरले. "आई, मला तिथून सोडव गं," म्हणायचा. सोडवलं रे बाबा. हे लिहिताना मला रडू आलं. भावजींनी त्याची नोंद घ्यायला हरकत नाही.

४. माझा मेंदू वैद्यकीय महाविद्यालयाला. बरणीवर बाई किंवा पुरुष असं काही लिहू नये. शेजारी एखाद्या पुरुषाचा ठेवावा आणि भावजींना ओळखायला बोलवावं. चुकले तर चहा पाजून परत पाठवावं, वय झालंय त्यांचं.

५. "दुकान पोरीच्या हाती गेलं तर मी कोर्टात जाईन. आजारी बाईच्या सहीला कोण विचारतं?" असं भावजींनी मुलीला तोंडावर सुनावलं आहे. तेव्हापासून पोर धास्तावली आहे, दाखवत नाही एवढंच. म्हणून पुन्हा लिहिते, की हे सर्व मी शुद्धीत आणि विचार करून ठरवलं आहे.

सही: दुकानाची मालकीण
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: शिक्क्यात आहे तो

साक्षीदार:
१. धाकटे दीर, व्याख्याते (सही)
२. समोरची औषधवाली (सही)

औषधवालीचा शेरा: बाईंनी आम्हा दोघांदेखत सही केली. पहिल्या साक्षीदारांना मी कागद आधी वाचायला दिले होते. "बायकांचं लिहिणं, सगळा भावनांचा पसारा. त्यात वाचायचं काय?" असं म्हणून, बाई पूर्ण शुद्धीत असल्याचं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि पानोपानी सही केली. पेन मुलीनं दिलं.