शेततळ्यावरचं कुलूप

प्रिय भाऊ,

तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. दगड अजून माझ्या हातातच होता. तुझ्यामागं आपलं शेत पाहणारा गजानन पाठीमागून म्हणाला, "ताई, किल्ली असंन ना घरी. गुरुजीच्या कपाटात पाहाले पाह्यजे होतं."

मी पाहिलं होतं. तुझ्या कपाटात सगळ्या किल्ल्या होत्या. विहीर, मोटर, धान्याची खोली. प्रत्येकीला तुझ्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली. शेततळ्याची किल्ली तेवढी नव्हती.

फाटक ढकललं. आत पाणी दिसलंच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत जलकुंभीची तरंगती पानं होती. जांभळी फुलंही आली होती.

तू गेल्यावर तुझ्याबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलं. मलाही विचारलं. मी म्हटलं, सुचत नाही. आज सुचतंय, म्हणून लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे एका परीनं बरं आहे. तू समोर असतास तर मला मधेच थांबवलं असतंस.

तुझ्या निवृत्तीच्या वर्षी गावचा तलाव कसा होता, आठवतं? काठानं बेशरमाच्या झुडपांची रानं, मधे जलकुंभीचा जाड थर. त्या थरावरून कुत्री चालत जायची. गाव त्याला तलाव म्हणायचं ते केवळ सवयीनं. तू शाळेतून मोकळा झालास आणि दुसऱ्याच रविवारी कुदळ घेऊन पाण्यात उतरलास. एकटा. तिसऱ्या रविवारी चौघं आले. उन्हाळा संपेपर्यंत अर्धं गाव यायला लागलं.

काढलेली जलकुंभी काठावर फेकायची नाही, हे तू शिकवलंस. वरच्या मुरमाड माळावर न्यायची आणि मुळं वर करून पसरायची. "मुळाले ऊन दाखवा. तीन दिवस ऊन लागलं की खेळ संपला," असं तू म्हणायचास. बायका हसायच्या. गुरुजी जलकुंभीले उठाबशा काढाले लावतात म्हणायच्या. मी सुट्टीत बुलढाण्याहून यायची आणि तुझ्या हाताखाली राबायची. माझ्या हातांना महिनाभर त्या चिखलाचा वास असे. मला तो आवडायचा.

दोन उन्हाळ्यांनंतर पाणी मोकळं झालं. तू काठाला लव्हाळे राखलेस, ओल्या कडेला गुरं जाऊ दिली नाहीस. टिबुकल्या पाण्यात बुड्या मारायला लागल्या. हिवाळ्यात अडई बदकं उतरली. मासे धरणाऱ्या कौतिकाबाईच्या घरच्यांनी पुन्हा जाळं टाकलं. कितीतरी वर्षांनी त्या तलावातला मासा गावात शिजला.

ते काम खरं होतं. ते मी खोटं ठरवत नाही. माझा राग त्याच्यानंतरचा आहे.

आपलं शेत तलावाच्या वरच्या अंगाला. शेततळं भरलं की जादा पाणी पाइपातून नाल्यात आणि नाल्यातून तलावात. हे तुला कोणी सांगायला हवं होतं का? शेततळ्यात ती रोपं तूच आणलीस. गजाननला विचारलं तेव्हा तो नख खरवडत म्हणाला, "माळावरच्या ताज्या ढिगातूनच आणली वो ताई. चार-पाच. मे महिन्यात संत्र्याले पाणी पुरत नोतं. गुरुजी म्हणे, पानं वर राह्यली का ऊन लागत नाही, पाणी उडत नाही."

भाऊ, तू विज्ञान शिकवायचास. ते झाड सावली धरत नाही. पानापानातून पाणी ओढून हवेत सोडतं. हा धडा तू मुलांकडून पाठ करून घेतलास. मग स्वतःच्या संत्र्यापुढं तो कसा विसरलास?

बरं, चूक झाली. चूक कोणाचीही होते. पुढचं काय?

मागच्या पावसाळ्यात तलावात जलकुंभी परत दिसली. तू ग्रामसभेत उभा राहिलास आणि कौतिकाबाईकडे बोट दाखवलंस. ती खाली सतरंजीच्या कडेला बसली होती. तू म्हणालास, "तुमचं जाळं धरणावरून येते. जलकुंभीचे तुकडे त्याच्यातूनच येऊन राह्यले."

ती उठली. पदर नीट केला. तिचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. "गुरुजी, जाळं चार-चार दिवस उन्हात राह्यते आमचं. तुमीच सांगता, तीन दिवसात मरते म्हणून. आमच्याच जाळ्यातली काऊन मरत नाही मंग?"

लोक हसले. तू हसला नाहीस. म्हणालास, "जाळ्याच्या गाठीत ओल राह्यते, कौतिकाबाई. तुमाले नाही समजायचं ते."

"नाही समजायचं." हे तू तिला म्हणालास. तीस वर्षं पाण्यात उभ्या असलेल्या बाईला.

तिच्या घरानं तलावात जाळं टाकायचं नाही, असा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत मी नव्हते, कारण या गावात मला मताचा हक्क नव्हता. पण मी मागं खुर्चीवर बसले होते. तिचं म्हणणं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्याच हाताखाली शिकले होते ना. मी बोलले नाही. तू माझा मोठा भाऊ, आणि सभेत तुझ्या विरुद्ध बोलायची मला लाज वाटली. ती लाज कशाची होती, ते वर्षभर मला उमगलं नाही. तुझ्यावरच्या रागात माझा वाटा आहे, तो मी लपवत नाही.

वर्षभर कौतिकाबाईच्या घरच्या कोणी त्या पाण्याला हात लावलेला नाही. ती धरणावरून दुसऱ्यांचा मासा घेते आणि मोताळ्याच्या बाजारात विकते. तरी या पावसाळ्यात तलावात जलकुंभी पुन्हा आली. लोक म्हणायला लागले, ती चोरून जाळं टाकते. काल पारावर एक जण म्हणत होता, "गुरुजी गेले ना, आता तिले कोणाचा धाक आहे बे."

मी आज सकाळी तलावाला फेरी मारली. सगळ्यात दाट जलकुंभी नाल्याच्या तोंडाशी होती. मी नाल्यानं वर चालत निघाले. वाटेत प्रत्येक डबक्यात एक-दोन रोपं. नाला आपल्या बांधापाशी संपला. पुढं तुझं फाटक आणि तुझं कुलूप.

मुलं बुडू नयेत म्हणून कुलूप, असं तू सांगायचास. असेल. पण पाइपाच्या तोंडाला बारीक तारेची जाळी कोणी बसवली? तारेचा पीळ मी ओळखला. डावीकडून दोन वेढे आणि टोक आत मोडलेलं. आपल्या घरच्या प्रत्येक कुंपणावर तो पीळ आहे. जाळी खालून फाटली होती आणि तिथून पाणी वाहत होतं.

मी गजाननला विचारलं, "ही कधी बसवली?"

"मले नका विचारू ताई."

"तुलाच विचारणार. दुसरं कोण आहे इथं?"

तो बांधावर टेकला. "ठराव झाला ना, त्याच्या पंधरा-वीस दिवसांनी. मोठा पाऊस पडला होता. गुरुजी नाल्यानं वर आले, तुमच्यासारखेच. इथं बसले. मंग म्हणे, जाळी आण मोताळ्याहून. आन् म्हणे, कोणाले सांगू नको."

"तू काही बोलला नाहीस?"

"बोललो ना. म्हटलं, काऊन गुरुजी? त्या बाईचं नाव फुकट बदनाम होऊन राह्यलं. तं म्हणे, हे बाहेर पडलं तं उद्या रविवारी कुदळ घेऊन एक माणूस येणार नाही."

म्हणजे ठरावाच्या दिवशी तुला ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालते. तेवढं मी तुला देते. पण पंधरा दिवसांनी ठाऊक होतं. त्यानंतर तू चार महिने जगलास. चार महिन्यांत किती रविवार येतात? प्रत्येक रविवारी तू तलावावर उभा होतास. कौतिकाबाईचं घर तिथून दिसतं.

आणि जलकुंभी तरी का ठेवलीस? जाळी बसवण्याऐवजी उपटून टाकता आली असती. पण उपटून माळावर नेली असती तर लोकांनी विचारलं असतं, गुरुजी, ही कुठली? म्हणून तू ती आत कोंडलीस. जी वनस्पती कशानंच अडत नाही, असं तू मुलांना सांगायचास, तिला तू एका जाळीनं अडवायला निघालास.

लोक येणार नाहीत, ही तुझी भीती. भाऊ, लोक तलावासाठी येत होते. तुझ्या चोख वागण्याचं बक्षीस म्हणून येत नव्हते. त्यांच्या विहिरींचं पाणी त्या तलावावर अवलंबून आहे, हे त्यांना तुझ्याशिवायही कळतं. तू कबूल केलं असतंस तर चार जण कमी आले असते. कदाचित दहा. मग? पहिल्या रविवारी तू एकटाच होतास ना?

तुला तलाव हवा होता की तलाव वाचवणारे गुरुजी हवे होते? हे मी तुला जिवंतपणी विचारायला हवं होतं.

उद्या सकाळी ग्रामसभा आहे. दोन विषय आहेत. तलावाच्या बांधाला तुझं नाव द्यायचं, आणि कौतिकाबाईच्या घरावरची बंदी चालू ठेवायची. पहिल्या विषयासाठी मला घरची म्हणून बोलावलं आहे. शाल आणि नारळ ठेवला आहे म्हणे.

गजानन निघताना म्हणाला, "ताई, जलकुंभी आपण दोघं काढून टाकू. कोणाले कळणार नाही."

अगदी तुझ्यासारखं बोलला. चांगला माणूस आहे.

मी जाणार आहे. शाल घेण्याआधी उभी राहणार आहे आणि रोपं कुठून आली ते सांगणार आहे. ठरावानंतर तुला ते कळलं होतं, हेही सांगणार आहे. तुझ्या नावानं सांगेन, आडपडद्यानं नाही. या वेळी मी मागच्या खुर्चीवर बसणार नाही. आणि शेततळं रिकामं करताना सगळ्यांना बोलावीन, फाटक उघडं ठेवून. एवढा शब्द देते.

तुझी धाकटी,
नलू

दुसरा दिवस.

सभा सकाळी झाली. मी सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील. मागून एकानं विचारलं, "ताई, माणूस तं गेला. आता हे उकरून काय भेटते?" सरपंचबाईंनी बंदीचा ठराव रद्द करून घेतला. बांधाच्या नावाचा विषय पुढं कोणी काढला नाही.

कौतिकाबाई सभेला आली नव्हती. मी तिच्या घरी गेले. ती बाजारासाठी टोपली भरत होती. काम न थांबवता तिनं सगळं ऐकलं.

"जाळं तं उन्हाळ्यातच इकून टाकलं, बाई," ती म्हणाली.

मग चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "हात लाव." मी टोपली तिच्या डोक्यावर चढवली. ती ऑटोकडे निघून गेली.