काळीचं पिल्लू

३ ऑगस्ट

काळी गेली! ओढ्याजवळ पडलेली सापडली. शिंगं मुळापासून कापलेली. तो चोचीसारखा वरचा ओठ मात्र शाबूत, त्यात काटेरी डहाळी अडकलेली. खाता खाताच मारली मेल्यांनी.

अख्ख्या रानात बाकी सगळे पांढरे गेंडे. काळी ही एकटीच, गाभण असताना आणलेली. नावाला काळी, रंग सगळ्यांचा एकच — धुळीचा.

पिल्लू बेपत्ता. अजून दुधावरचं. आम्हा वनरक्षकांचे प्रमुख न्गेमा साहेब म्हणाले, "पुढं शोधा. पिल्लू आईच्या पुढं पळतं." आम्ही सगळे जन्मभर तेच बघत आलोय.

४ ऑगस्ट

ओढ्याखालची कुरणं पिंजून काढली. पांढरे डोकी खाली घालून रुंद ओठांनी गवत खात होते, जणू काही झालंच नाही. त्यांचा उगाच राग आला. जेवताना मक्याच्या पुथूचा घास उतरेना. ते पिल्लू काय खात असेल?

५ ऑगस्ट

नाही. वारा सुटलाय, होते ते मागही पुसले गेले.

६ ऑगस्ट

आमच्यातला म्फिलिसेनी सुट्टीवरून आला. शहरातल्या दवाखान्यात वारलेल्या वडिलांचा आत्मा घरी आणायला गेला होता, बोरीची फांदी घेऊन. फांदी हातात असली की वाटेत जिवंत माणसाशी बोलायचं नाही, फक्त मेलेल्याशी.

"आले का बाबा घरी?" मी विचारलं.

"आले. टॅक्सीत खिडकीची सीट घेतली त्यांच्यासाठी!"

मग आमचा उद्धार. "काय गं थोला, गवतात काय शोधताय? पांढरीचं पिल्लू पुढं पळतं, काळीचं मागं चालतं! आई झुडपं मोडत वाट करते, ते मागून येतं."

लाज वाटली. तीन दिवस उलट्या दिशेला फिरलो आम्ही! तो तडक टेकडीमागच्या काटेवनात घेऊन गेला. कुठं वाकला नाही, कुठं थांबला नाही. तिथं शेण मिळालं, फोडलं तर आत गवत नाही, तिरक्या कापल्यासारख्या काड्या. आणि पलीकडे ते! बरगड्या दिसतायत, पण उभं आहे. मी रडले. म्फिलिसेनीचा हात धरून रडले.

८ ऑगस्ट

पिल्लू गोठ्यात आहे. कुणीतरी सवयीनं गवताची पेंढी टाकली, त्यानं हुंगलीही नाही. मी बोरीची डहाळी पुढे केली. ओठाचं टोक बोटासारखं वळलं, डहाळी पकडली, कटकन तोडली. बाटलीही अर्धी संपवली. जगेल बहुतेक!

पण चिडकं आहे, आईवर गेलंय. मान वर करून जो दिसेल त्याच्यावर धावतं, फळ्या हादरवतं. साहेबांनाही पळवलं. फक्त म्फिलिसेनी आला की मागे सरकतं, कोपऱ्यात गप्प उभं राहतं.

"बघा, मोठ्या माणसाचा मान कसा राखतं!" तो म्हणाला. आम्ही सगळे हसलो.

९ ऑगस्ट

पूर्ण बाटली प्यायलं.

११ ऑगस्ट

फाटकाबाहेरच्या दुकानात म्फिलिसेनीची आई भेटली. माझा हात धरून म्हणाली, "पोरी, साहेबांना सांगून त्याला दोन दिवस सुट्टी मिळवून दे की. महिना झाला, घरी फिरकला नाही. त्याचा बाप अजून त्या दवाखान्यातच ताटकळलाय. तोडून ठेवलेली फांदी वाळली गं."

"सांगते, मावशी," मी म्हणाले.

परत आले. म्फिलिसेनी गोठ्याला टेकून उभा होता आणि पिल्लू पार कोपऱ्यात, थरथरत. त्यानं हाक मारली. मी तडक साहेबांच्या खोलीकडे गेले.