दुधातून उतरलेली सुई

प्रिय जगदेवदादा,

कस्तुराचा साष्टांग नमस्कार. इकडे कारंज्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, थंडी बरी आहे. एवढं वाचून तू माझी पत्रं खिळ्याला अडकवतोस, असं वहिनी हसत सांगते. बायकांच्या पत्रात असतं काय, असं तुझं म्हणणं. म्हणून आज सावकाश लिहिते.

दिवाळीला मेडशीला आले, तेव्हा तुझ्या काळ्या कुत्रीचं कोण कौतुक चाललं होतं! कुत्री पिसाळू नयेत म्हणून अकोल्याचा ढोरांचा डॉक्टर गावात सुया टोचून गेला होता. तू काळीला पुढे केलंस आणि तिची पिलं कणगीमागे लपवलीस. मायला टोचलं की पिलांना दुधातून मिळतं, हे तुझं शास्त्र. पाटलाचं शास्त्र म्हटल्यावर गावानंही माना डोलावल्या. मी भाऊबीजेला तुला ओवाळलं, आणि तू त्यातलंच एक पिलू माझ्या रामकिसनच्या मांडीवर ठेवलंस. कोल्ह्यानं त्याचा कान फाडला होता. तीही तू त्याची मर्दुमकी म्हणून सांगितलीस.

मी माहेरी असतानाच ते पिलू रामकिसनच्या बोटाला चावलं आणि पुढे लाळ गाळत तुझ्याच परसात मेलं. मी अकोल्याच्या दवाखान्यात जायचं म्हणाले, तर चारचौघांत तू मला म्हणालास, "त्याच्या मायले सुई देल्ली हाये. दुधातून उतरते ते. कायले रडून राह्यली?" माझं समाधान व्हावं म्हणून, कुत्रं चावल्यावर करतात त्या रिवाजाप्रमाणे, पोराला विहिरीत डोकवायला लावलंस. पाण्यात आपलं तोंड पाहून तो खुदुखुदु हसला.

गेल्या सोमवारी पाण्याचा तांब्या पाहून त्यानं किंकाळी फोडली. तुला नीट कळावं म्हणून लिहिते. तहानेनं जीभ कोरडी पडलेली, आणि चमचाभर पाणी पुढे केलं की माझ्याच हाताला चावायला धावे. शेवटी माझ्याच लुगड्यानं त्याला खाटेला बांधलं. काल गेला. तुझ्या शहाणपणानं माझं लेकरू मारलं, दादा, आणि हे मी तुला कधी माफ करणार नाही.

शुद्धीत होता तेव्हा त्यानं मला एक गोष्ट सांगितली. त्याच पिलानं तुझ्या पंचफुलाच्याही टाचेला दात लावला होता. बाप मारेल म्हणून पोरीनं ते लपवलं आणि रामकिसनला शपथ घातली. अकोल्याला माणसांना पोटात सुया देतात. तुझी लेक अजून पाण्याला भ्याली नसेल, तर हे वाचताक्षणी गाडी जुंप. तार केली असती तर तुला आजच कळलं असतं. तारऑफिस आमच्या घरासमोरच आहे. पण तार तू शेवटपर्यंत वाचली असतीस.

तुझीच,
कस्तुरा