वस्तू क्रमांक ४१

४ मे, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून मागची खोली रिकामी करायची. निर्णय पक्का.
बायको २ जूनपासून तिथे शिवणक्लास सुरू करणार आहे. पाच वर्षं नुसतं म्हणत होती, आता एकदम तारीखच ठरवली. आठ जणींनी नावं दिलीत, ॲडव्हान्सही दिलाय. तिचं म्हणणं, भंगारवाल्याला बोलवा, एका दिवसात खोली मोकळी. मी स्पष्ट सांगितलं, कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढलीत मी. माल असा उधळत नसतात. एकेक वस्तू ऑनलाइन विकणार. खोली मोकळी आणि पैसे हातात. चार आठवडे म्हणजे उदंड झाले.
दोनशे पानी रजिस्टर आणलं.

५ मे
रजिस्टरला रेघा मारल्या. क्रमांक, वर्णन, नग, स्थिती, अपेक्षित किंमत, शेरा. शेऱ्याचा कॉलम अरुंद झाला. फाडून पुन्हा मारल्या. दिवस सत्कारणी.

७ मे
मोजणी सुरू. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, ही बायकोची अतिशयोक्ती. डावा पाय सहज मावतो.
क्र. १: टेबल फॅन (चालू केल्यावर बंद होत नाही). क्र. २: सुटकेस, चाकं तीन. क्र. ५: डंबेल, एकच. क्र. ९: जाड पाठीचे मॉनिटर, दोन. क्र. १२: माशांची काचेची पेटी, मासे नाहीत, चीर आहे. एकेक हिरा आहे!
बायको दारातूनच म्हणाली, माझं शिलाई मशीन पलीकडच्या भिंतीला आहे, तेवढं आधी काढून द्या, हात बसवायचाय. मी म्हटलं, मागची रांग शेवटी. आणि तोंडी मागणीवर स्टोअरमधून टाचणीसुद्धा निघत नाही, लेखी दे. गमतीत म्हणालो होतो. पण तिनं कॅलेंडरचं जुनं पान फाडून खरंच लिहून दिलं. शिलाई मशीन, १ नग. खोली, १ नग. २ जूनच्या आत. खाली सही. अक्षर जरा रागीट वाटलं.
फाइलला लावलं. शेरा: पेंडिंग.

१० मे
फोटो काढले. एकाही फोटोत वस्तू एकटी येत नाही. फॅनच्या फोटोत सुटकेस, सुटकेसच्या फोटोत माझा अंगठा. चांगला लाइट पाहिजे. मागवला.

१२ मे
तेवीस जाहिराती टाकल्या. दुपारपर्यंत सतरा मेसेज! मी बायकोला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेय.

१३ मे
सतराच्या सतरा मेसेज उत्तरासकट वाचले. आहे का? आहे. लास्ट किती? सांगितलं. बघून कळवतो.
बघून कळवतो! सतरा जण बघतायत, एकही कळवत नाही. नको असेल तर नको म्हणा ना. सरळ नाही म्हणायला लोकांची जीभ का रेटत नाही कळत नाही. नाकी नऊ आणलेत.

१४ मे
फॅनला गिऱ्हाईक आलं. घासाघीस न करता पैसे काढले. मी इश्यू स्लिप पुढे केली, दोन प्रतींत. नाव, पत्ता, वस्तू कशासाठी हवी, तीन ठिकाणी सह्या. त्यानं विचारलं, कार्बन कॉपी पोलिसांना जाते का? मी म्हटलं, फाइलला जाते. पैसे खिशात घालून निघून गेला. शिवाय जिन्यात हसल्याचाही आवाज आला.
स्लिपशिवाय माल बाहेर सोडला असता तर एकतीस वर्षांवर पाणी. गेला तर गेला.

१६ मे
माशांच्या पेटीला एकानं निम्मी किंमत सांगितली. मी मूळ किंमत सांगितली. त्यानं चीर दाखवली. मी चिरेचं वय सांगितलं, म्हणजे चौदा वर्षं झाली पण वाढलेली नाही. बघून कळवतो म्हणाला.
संध्याकाळी मेहुणा आला. त्याच्याशी मात्र पहिला सौदा झाला. माझा मोडका टेपरेकॉर्डर त्याला, त्याची व्यायामाची सायकल मला. किमतीत पाचपट फायदा! सायकल खोलीत ठेवली. डाव्या पायाची जागा गेली.
बायकोनं सायकलकडे पाहिलं, मग भावाकडे, मग माझ्याकडे. चहा एकाच कपात आणला, भावासाठी.

१९ मे
मुलीचा फोन. बाबा, आईची खोली झाली का? मी म्हटलं, नव्वद टक्के तयारी झालीय. ती म्हणाली, तयारी नाही विचारली, खोली विचारली. हल्लीच्या मुलांना प्रोसेस कळत नाही.
नंतर आईशी बोलली. चाळीस मिनिटं. दार लावून.

२१ मे
मालाची वर्गवारी पूर्ण. ज्याला तीन वर्षांत कुणी हात लावला नाही, तो न हलणारा माल. असा माल आधी काढायचा, हा स्टोअरचा पहिला धडा.
क्र. ४१, शिलाई मशीन, पायाचं, काळं, सासूबाईंकडून आलेलं. बायकोनं तीन वर्षांत हात लावलेला नाही. नियमात तंतोतंत बसतं. (मध्ये बारा खोकी असल्यामुळे तिला तिथवर पोचता येत नाही, ही बाब वेगळी.)
आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे जुनं विकायचं, त्यात थोडी भर घालायची, आणि क्लासच्या पहिल्या दिवशी तिला मोटारवालं नवंकोरं मशीन द्यायचं. सरप्राइज! तिच्या डोळ्यांत पाणीच येईल.
रजिस्टरात लिहिलं: क्र. ४१, विक्रीस काढणे. गुप्त.
खोकी हॉलमध्ये काढली. मशीन अजून सुरेख आहे. पायडलवर पाय ठेवला तर लगेच फिरलं.

२२ मे
क्र. ४१ ची जाहिरात टाकली. बायको मंडईत गेली असताना. रजिस्टर टेबलावर उघडंच राहिलं होतं, पण तिला असल्या कामात रस नाही.

२३ मे
फोन आला. बाईचा आवाज. मशीन आहे ना? आहे. किंमत लिहिलीय तीच? तीच. उद्या माणूस पाठवते.
बस्स. लास्ट किती नाही, बघून कळवते नाही. मी फोन ठेवून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. दर्दी गिऱ्हाईक असतात जगात, धीर पाहिजे.

२४ मे, शनिवार
विकलं!!
टेम्पो घेऊन एक गृहस्थ आले. बहिणीसाठी नेतोय म्हणाले. स्लिप दोन्ही प्रतींत भरली, तीन ठिकाणी सह्या, चेहऱ्यावर आठी नाही. कार्बन तर स्वतःचा घेऊन आले होते. असे शिस्तीचे लोक अजून शिल्लक आहेत, ऊर भरून आला. पैसे रोख, मोजून बरोबर.
बायको नेमकी बाहेर गेली होती. नशीब जोरावर आहे.

२५ मे
नव्या मशीनची चौकशी केली. आलेले पैसे म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. ठीक. उरलेले फॅन आणि पेटीचे येतील. तोवर पैसे नुसते पडून कशाला, म्हणून पाच फळ्यांचं लोखंडी रॅक घेतलं. रॅक नसल्यामुळेच खोली आवरत नव्हती, हे माझ्या आता लक्षात आलं.
रॅक खोलीच्या दारातून आत जात नाही. हॉलमध्ये ठेवलं, खोक्यांशेजारी.

२७ मे
घरात विलक्षण शांतता. बायको खोलीचं नावही काढत नाही. रोज कापडाचे गठ्ठे, कात्र्या, पट्ट्या पिशवीत भरून नेते. क्लासची तयारी म्हणते. कुठे नेते विचारायचं राहिलं. मुख्य म्हणजे भांडण बंद. माझ्यावर सोपवून मोकळी झालीय. तीस वर्षांच्या संसारानंतर येतो तो हा विश्वास.

२९ मे
सत्यानाश. एका खोक्यात पत्र्याचा डबा सापडला. बॉबिन, सुया, तेलाची बुधली, मशीनचा जादा पट्टा. क्र. ४१ चंच सामान! म्हणजे इश्यू अपूर्ण. एवढ्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. जेवण गेलं नाही. डब्याला क्र. ४१-अ दिला. पत्ता स्लिपवर आहेच, नेऊन द्यायला हवा.

३१ मे
फॅन: बघून कळवतो. सुटकेस: बघून कळवतो. डंबेलवर एकानं विचारलं, दुसरा कुठेय? त्याला ब्लॉक केलं.
उद्याचा एक दिवस आहे. मनात आणलं तर एका दिवसात डोंगर हलतो.

१ जून
कंबर धरली.

२ जून, सोमवार. दुपारी १
बायको नऊलाच बाहेर पडली. नवी साडी. जेवायला थांबू नका म्हणाली. मला वाटलं, क्लास पुढे ढकलला म्हणून सांगायला जात असेल बिचारी. फार वाईट वाटलं. मग म्हटलं, निदान ४१-अ तरी पोचवून येऊ, एक काम हातावेगळं.
पत्ता औषधाच्या दुकानावरच्या मजल्याचा. जिन्यात चपलांचे जोड, सगळे बायकी. मोजायची सवय, मोजले. दहा. त्यातला एक ओळखीचा.
आत आठ जणी खाली बसून कागद कापत होत्या. खिडकीशी क्र. ४१. मशीनवर बायको. तिची वाचनालयातली मैत्रीण टीप कशी घालायची ते बघत होती. जागा त्या मैत्रिणीचीच. टेम्पोवाले गृहस्थ तिचे भाऊ. फोनवरचा आवाजही तिचाच.
मी डबा घेऊन दारात उभा.
बायको उठून आली. चिडलेली असती तर बरं झालं असतं. मी हळूच विचारलं, स्वतःचंच मशीन विकत घेतलंस? ती म्हणाली, मागणीपत्र अडीच आठवडे पेंडिंग होतं, विकत घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मिळालं. पैसे कुठून आणलेस विचारलं. क्लासचा ॲडव्हान्स, म्हणाली. माझ्या आईचं मशीन होतं हो ते, एवढंच जरा हळू बोलली.
त्याच पैशांचं रॅक हॉलमध्ये उभं आहे. हे तिला माहीत होतं.
नव्या मशीनच्या सरप्राइजचं सांगणार होतो. नुसता डबाच पुढे केला.
तिनं डबा घेतला, उघडून सुया मोजल्या. मग मी न मागताच तिनंच माझ्या खिशातलं पेन काढून डब्याच्या पावतीवर सही केली. तीन ठिकाणी. आठ जणी हसल्या. तीसुद्धा.

४ जून
भंगारवाल्याला बोलावलं. दोन हातगाड्या, पस्तीस मिनिटं. फॅन, मॉनिटर, पेटी, सायकल, रॅक, सगळं वजनावर. रजिस्टरही घातलं काट्यावर. रेघा मारलेल्या वहीला वेगळा भाव नसतो म्हणाला.
खोली झाडली, पुसली, खिडकीची काच आतून-बाहेरून. मशीन होतं तिथे भिंतीवर रंगाचा स्वच्छ चौकोन आहे. तेवढाच भाग नवा दिसतो.
खोली चांगली मोठी आहे. आठ जणी आरामात बसतील. उजेडही येतो. मला हे एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.
संध्याकाळी बायको थकून आली. मी पाणी दिलं. मग कोरी स्लिप भरून तिच्यासमोर ठेवली. खोली, १ नग. स्थिती: उत्तम. किंमत: काही नाही. कार्बन लावला नव्हता.
तिनं चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचली. घडी करून पर्समध्ये ठेवली.
बघून कळवते, म्हणाली.