दहा गॅलनचा की पाच?

ओशकोश, ७ मार्च, शनिवार

प्रिय एमेट,

थोरल्याचा आशीर्वाद. तळ्यावरचा बर्फ अजून गेलेला नाही, तुझ्या डोरीनवहिनीचा गुडघा ठणकतोय, बाकी ठीक.

घाबरू नकोस, पत्र आइसबॉक्सबद्दल आहे, थंडी काय न् ऊब काय, आत धरून ठेवतो त्या डब्याबद्दल. आपल्या जुन्याला तळाशी तडा गेला. बिअरसाठी दळलेले सातू गरम पाण्यात तासभर उबेला ठेवायचे, एवढंच त्याचं काम; पण धड डबा मिळेल तर शपथ! आधी चौकोनी आणला. झाकण आतून पोकळ निघालं. तासात पारा बारा अंश खाली, आणि गोड काढ्याऐवजी हातात पिठूळ पाणी! झाकणाला भोक पाडून आत फोम भरायला गेलो, तर तो फुगून स्वयंपाकघरभर झाला. डोरीन म्हणाली, "आता ते झाकण डोक्यावर घाल, तेवढीच ऊब." जीव नुसता वैतागला.

मग गोल घ्यायचं ठरवलं, बांधकामावर पिण्याच्या पाण्याला ठेवतात तसला. दुकानात दोन मापं, दहा गॅलन आणि पाच. एकट्यापुरती बिअर दहाच्या डब्यात केली तर तळाशी पातळ थर बसतो आणि ऊब उडून जाते, हे तूच मला शिकवलंस. दुकानदारानं विचारलं, "किती जणांसाठी करता?" साधा प्रश्न. मी त्याच्यावर खेकसलो, "तुला कशाला रे नसत्या चौकशा?" आणि हात हलवत घरी आलो.

काय सांगणार होतो त्याला?

नोव्हेंबरात सणाच्या टर्कीच्या जेवणाला आलास तेव्हा तुला दारू सोडून तीन महिने झाले होते. मला ठाऊक होतं. तरी सगळ्यांदेखत तुझ्यासमोर ग्लास ठेवला. "भावाच्या हातची आहे, एका घोटानं काही मरत नाहीस," म्हणालो. तू कोट उचलून निघालास, तर मागून ओरडलो, "जा, मोठा संत लागून गेलास!" चुकलो रे. फार चुकलो.

डोरीनला वाटतं, तू उठून गेलास म्हणून मी रागावलोय. राग कसला, भीती वाटते मला. वीस वर्षं दर शनिवारी आपण दोघं बिअर करायचो, तेव्हा तो छंद होता. तू थांबलास आणि मी एकटाच पीत राहिलो. त्याला काय म्हणतात ते मला कळतं. आज सकाळी दहाच्या आत तिसरी बाटली उघडलीय. डोरीनला हे माहीत नाही.

डबा घेत नाही. दहाचा नको, पाचचाही नको. दुकानाकडे पाय वळू नयेत म्हणून हे लिहीत बसलोय.

मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव. आधी एवढंच कळव, तो पहिला शनिवार तू कसा काढलास?

तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण इथे तुझ्या मागे राहिलेला,
वर्नन