एक खाच बाहेर

१२ नोव्हेंबर
गाडीचा पट्टा पुन्हा तुटला! राजूरच्या बाजारात जाता जाता, अर्ध्या रस्त्यात. आधी चींचीं, मग फटाक् — अन् बॅटरीचा लाल दिवा. विकाले नेलेले लेकरांच्या कपड्यांचे गठ्ठे तसेच व्हॅनमध्ये. बाजार बुडाला तो बुडालाच.
इम्तियाज म्हणते, "जुनी गाडी हाय, होते."
बाजाराच्या दिवशीच कशी जुनी होते?

१३ नोव्हेंबर
अंगणात त्यानंच नवा पट्टा बसवला. टॉर्च दाखवाले गेली तर अंगावर आला — "तू आत जा, मले माझं काम येते!" अर्धा जन्म गॅरेजात काढलेला नवरा माझा. त्याले एक पट्टा टिकवता येऊ नये?

१५ नोव्हेंबर
नव्या पट्ट्याची कड उसवली. धागे लोंबून राह्यले. कोणी कापला तर नसन?

१६ नोव्हेंबर
चहाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "बाईनं बाजारोबाजार गाडी फिरवनं... इम्तियाजले लोक बोलतात, फरहाना." तो कप ठेवून बाहेर गेला. हो नाही, ना नाही!
शेजारच्या इंदुताई म्हणे, "काल तू नव्हती तवा तुहे मिस्टर इंजिनात हात घालून उभे होते. हाक मारली त दचकले."
कायले दचकले? मी घरी नसतानाच काहून?
त्याच्या खिशातला चाकू काढून गव्हाच्या डब्यात लपवला. नवऱ्यावर पाळत ठेवून राह्यली मी. अल्ला माफ कर.

१८ नोव्हेंबर
उसवलेला पट्टा घेऊन मारोतीभाऊच्या पार्टच्या दुकानात गेलती. पट्ट्यावरचा नंबर पुसलेला. त्यानं आधी दिला तो लांब निघाला. मग जुन्याशेजारी धरून, लांबी-रुंदी जुळवून दुसरा काढला. उसवलेला हातात फिरवत म्हणे, "कापला नाही ताई. कापलेला सरळ दिसते. हा घासला हाय. पुलीच्या खाचांत बरोबर बसला नाही, एक खाच बाहेर होता. कोण्या नवशिक्यानं बसवला?"
नवशिका! मी नाव नाही सांगितलं.
म्हणजे चाकूची गरजच नव्हती. एवढा जुना मिस्त्री चुकून बाहेर बसवन? मुद्दाम करून राह्यला. मी घरी बसावं म्हणून!

१९ नोव्हेंबर
पट्टा त्याच्या हातात दिला अन् खिडकीआड उभी राह्यली. भर दुपार, लख्ख ऊन. नट सैल केला, पट्टा चढवला, ताणला. पण तोंड इंजिनाकडे नव्हतंच — भिंतीकडे! नुसती बोटं पुलीवर फिरत होती.
"फरहाना, झालं!"
बाहेर येऊन पाहते तर — एक खाच बाहेर. माझ्या डोळ्यांदेखत!
"हे काय हाय?"
"काय?"
"पट्टा! कुठं बसला, पाहा न!"
तो वाकला. लई वेळ वाकूनच राह्यला. मग हळूच म्हणे, "तूच सांग, कुठं बसला?"

२० नोव्हेंबर
त्याले दिसत नाही. उजव्या डोळ्यानं काहीच नाही, डाव्यानं धुकं. उन्हाळ्यापासून! "काहून नाही सांगितलं?" तर म्हणे, "तू मले सांभाळत घरी बसली असती. तुहे बाजार बंद झाले असते."
पट्टा आज मी बसवला. उद्या वणीले, डोळ्याच्या दवाखान्यात. गाडी मी चालवीन.