लाविनियाचा भाऊ

शुक्रवार, १६ मे. संध्याकाळ

आलो एकदाचे! खिडकीखाली समुद्र आहे आणि मी त्याच्याकडे खुळ्यासारखी बघत बसले आहे. लाविनिया म्हणाली, तू तर असं बघतेस की कुणी तो तुझ्या नावावर करून दिलाय. हसू दे तिला. वेर्चेल्लीच्या भातखाचरांत वाढलेल्या मुलीने आजवर पाणी पाहिलं ते घोट्याएवढं, आणि तेही गढूळ.

फेब्रुवारीत मी तुरिनला शिकायला आले तेव्हा वर्गात एकही ओळखीचा चेहरा नव्हता. तिसऱ्या वर्षाला मध्येच येऊन टपकलेल्या मुलीला कोण विचारतं? लाविनियाने विचारलं. तिच्या खोलीत एक खाट रिकामी होती, ती माझी झाली, आणि तिच्याबरोबर तिचा भाऊ तान्क्रेदी आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र ओरेस्तेही पदरात पडले. दर मे महिन्यात एक शनिवार-रविवार ही तिघं या किनाऱ्यावरून पायी भटकतात. यंदा मी चौथी.

गाडीत ओरेस्तेने कांद्याचा फोकाच्चा पाव काढला आणि सगळा डबा दरवळला. समोरच्या बाईंनी नाक मुरडलं, तर त्याने त्यांनाही एक तुकडा दिला आणि त्यांनी तो मुकाट खाल्ला. मी वेर्चेल्लीची म्हटल्यापासून तान्क्रेदी मला तांदूळबाई म्हणतो. पोहता येत नाही हे कळल्यावर म्हणाला, "सांभाळ हं तांदूळबाई, तांदूळ पाण्यात पडला की त्याचा रिसोत्तो होतो!" स्वतःच्याच विनोदावर हसताना तो तोंडावर हात धरतो, कारण पुढचा एक दात वाकडा आहे. दिवसभर बेसूर गुणगुणत असतो. पोरगं गोड आहे. (हे लाविनियाला दाखवायचं नाही.)

कालावेक्याला, म्हणजे आम्ही उतरलोय त्या गावाला, गाडीरस्ता नाही. स्टेशनवरून डोंगराच्या कडेने पायवाट, नाहीतर बोट. आम्ही पायवाटेने आलो. योलांदा नावाच्या विधवा बाईंच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. जिन्यावर वाळू आणलीत तर पायच तोडीन, असं त्यांनी स्वागतालाच सांगितलं आणि मग लिंबात मुरवलेल्या मांदेलीसारख्या माशांचं ताट पुढे ठेवलं.

खाली मला हाका मारताहेत. फार बरं वाटतंय इथे.


शनिवार, १७ मे. दुपार

सगळं ठीक आहे. ठीक झालं, असं म्हणते.

सकाळी पुढच्या गावाकडे निघालो होतो. लिंबांच्या बागा, दगडी पायऱ्यांची शेतं, खाली निळंशार पाणी. अर्ध्या वाटेवर एक खडकाळ खाडी लागते, तिथे पोहायला थांबलो. खाडीच्या एका बाजूला उभा कडा आहे आणि त्याच्या बुडाशी पाण्यात एक कपार. पाणी तिच्यात आत ओढलं जातं आणि पुन्हा बाहेर येतं. श्वास घेतल्यासारखं.

तान्क्रेदी म्हणाला, ही कपार आरपार आहे, आतून पलीकडच्या खाडीत निघता येतं, गावातली मुलं जातात. लाविनिया तडकली. "तू गेलास तर मी आईला सांगेन!" तो म्हणाला, सांग ना, आई म्हणेल सोन्या भूक लागली असेल, जेव. ओरेस्ते पीच खात होता. तान्क्रेदीने पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर ओढला, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि बुडी घेतली.

ओरेस्तेचा पीच संपला. बी फेकून तो उभा राहिला. लाविनिया आधी शिव्या देत होती, मग नुसती नाव घेऊन ओरडत होती. ओरेस्ते पाण्यात उतरला, कपारीत शिरायला गेला आणि ओढ इतकी होती की कसाबसा परत आला. मी फोन हातात घेऊन खडकावर धावतेय, रेंज नाही. त्या वेळात काय काय मनात आलं ते लिहवत नाही.

आणि मग आमच्या पाठीमागून, वरच्या वाटेने, तान्क्रेदी चालत आला.

भिजलेला. हसत. लाविनियाने त्याच्या थोबाडीत दिली आणि लगेच गळ्यात पडून रडली. ओरेस्ते तर नाचायलाच लागला. म्हणाला, "गाढवा, पुढच्या वेळी मरायचं असेल तर आधी सांग, मी जेवून घेईन!"

मीसुद्धा रडले. पण पलीकडच्या खाडीतून वर यायला वाट कुठे आहे? तिथे तर सरळ कडाच आहे. ओरेस्तेला विचारलं तर म्हणाला, असेल कुठेतरी, तू इथली आहेस का?

नाही. मी इथली नाही.


शनिवार. संध्याकाळ

तो सुकत नाहीये. गंमत नाही करत. दुपारपासून उन्हात बसलाय, तरी केसांतून पाणी ठिबकतंय. खुर्चीखाली थारोळं झालंय. ओरेस्ते म्हणाला, स्पंज झालाय लेकाचा. लाविनियाने टॉवेल दिला, तो त्याने मांडीवर नुसता ठेवला.

तो गुणगुणत नाही. मला फियाम्मेत्ता म्हणतो, पूर्ण नावाने, कुणीतरी नुकतंच सांगितल्यासारखा. हसताना तोंडावर हात धरत नाही.

आणि सारखे प्रश्न विचारतो. लाविनियाला म्हणाला, आपण लहान असताना काय करायचो सांग ना. तिला वाटलं, मरणाच्या दारातून आलाय, हळवा झालाय. ती सांगत बसली. आजोबांच्या अंगणातलं अंजिराचं झाड, तो त्यावरून पडला ते, बाबा वारले त्या हिवाळ्यात दोघं आईच्या खाटेवर झोपायची ते. तो मान हलवून ऐकत होता. थोड्या वेळाने ओरेस्ते वर आला तर त्याला तान्क्रेदी सांगतो, "मी लहानपणी अंजिराच्या झाडावरून पडलो होतो." तिच्याच शब्दांत. ती जिथे थांबली होती तिथेच थांबून.

मी लाविनियाकडे पाहिलं. तिने मान वळवली.

त्यांच्या आईचा फोन आला. फोनसाठीच सगळे गावाच्या वरच्या चॅपेलपर्यंत, त्या छोट्या चर्चपर्यंत, चढलो होतो; तिथेच काय ती रेंज येते. तान्क्रेदीने फोन कानाला लावला आणि गप्प उभा राहिला. पलीकडून "तान्क्रे? सोन्या, बोल ना रे?" एवढं मलाही ऐकू येत होतं. शेवटी तो म्हणाला, "सोन्या." लाविनियाने फोन ओढून घेतला, म्हणाली, घसा बसलाय गं त्याचा, पाण्यात फार वेळ होता.

मी लाविनियाशी बोलायला गेले. ती फणकारली. तू त्याला ओळखतेस तरी किती दिवसांपासून, म्हणाली.

बरोबर आहे तिचं. किती दिवसांपासून?


रविवार, १८ मे. सकाळ

उठले तर खिडकीबाहेर काहीच नाही. समुद्रावरून धुकं आलंय, दुधासारखं, खालचं कुंपणही दिसत नाही. बोट बंद. योलांदाबाईंनी सांगितलं, रेल्वेवाल्यांचा संप आहे, रात्रीपर्यंत गाडी नाही. बाई जिना पुसत होत्या आणि आमच्या नावाने बोटं मोडत होत्या. वाळू नको म्हटलं तर मेल्यांनी अख्खा समुद्र आणलाय घरात, म्हणत होत्या. खरंच प्रत्येक पायरीवर पाणी होतं.

तान्क्रेदी आणि ओरेस्ते उजाडताच पोहायला गेले, असं लाविनिया म्हणाली. या धुक्यात? ती म्हणाली, तान्क्रेदीनेच चल म्हटलं. ती रात्रभर झोपलेली दिसत नाही. त्याच्याशी बोलत बसली होती. भिंतीतून तिचा आवाज मला येत होता, एकटीचाच, एकसारखा.

मला त्या खाडीकडे जायचंय. एकदा बघून येते, म्हणजे माझा वेडेपणा तरी संपेल.


रविवार. त्यानंतर

तो तिथे आहे.

कपारीच्या तोंडाशी, पाण्याच्या थोडासाच खाली. लाल चड्डी. डोळ्यांवर चष्मा. खांदा खडकात अडकलाय. पाणी आत गेलं की तो आत जातो, बाहेर आलं की बाहेर येतो. तोंड उघडं आहे, वाकडा दात दिसतो. मी खडकावर पालथी पडून बघत होते. नीट बघितलं. धुकं पाण्यावर होतं, पाण्यात नव्हतं. तो तान्क्रेदी आहे.

बाजूच्या खडकावर ओरेस्तेचे कपडे, नीट घडी केलेले. ओरेस्ते आयुष्यात कधी कपड्यांची घडी करत नाही. मी हाका मारल्या.

परत येताना वाटेत ते दोघे भेटले. दोघे. वरून खाली येत होते, हसत, ओले. ओरेस्तेने माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलायला अजून येतच नव्हतं त्याला. मग तान्क्रेदी म्हणाला, "तांदूळबाई."

नाव कळलं त्याला. लाविनियाने सांगितलं असणार.


रविवार. दुपार

लाविनियाला सगळं सांगितलं. ती नाही म्हणेल, ओरडेल, खाडीकडे पळेल असं वाटलं होतं. ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "मला माहीत आहे."

तिला कालच कळलं होतं. गळ्यात पडली तेव्हाच. त्याच्या अंगाला त्याचा वास नव्हता, म्हणाली.

मी म्हटलं, मग चल, पळू या. ती म्हणाली, "आणि आईला काय सांगू? बाबा गेल्यावर ती वर्षभर उठली नव्हती गं. आता हे सांगितलं तर ती उठणारच नाही. हा बोलतो. हा खातो. रात्रीत किती शिकला बघ. आईच्या वाढदिवसाचं गाणंसुद्धा येतं त्याला आता."

मी विचारलं, आणि ओरेस्ते? तो कुठे आहे, लाविनिया?

ती म्हणाली, तान्क्रेदीला एकटं वाटत होतं.

मी तिचे दोन्ही खांदे धरून हलवले. ती गदागदा हलली, पण डोळे कोरडे. मग माझा हात हातात घेऊन अगदी मायेने म्हणाली, तू गप्प राहा फियाम्मा. गप्प राहिलीस तर तुला काही होणार नाही. मी सांगेन त्याला.

मी निघाले. वही तेवढी घेतली आणि फोन.


रविवार. चॅपेलपाशी

पोलिसांना फोन केला. किनाऱ्यावर मुलगा बुडालाय, दोन असतील, सांगितलं. साहेब बरा बोलला, नाव-पत्ता घेतला. धुकं विरल्याशिवाय बोट येणार नाही, म्हणाला. थोड्या वेळाने त्याचाच फोन. त्याने योलांदाबाईंच्या घरच्या फोनवर विचारलं होतं. तान्क्रेदी स्वतः त्याच्याशी बोलला. ओरेस्तेही. नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. साहेब म्हणाला, मुली, असली थट्टा केली तर आत टाकतात, कळलं?

मी फोन ठेवला.

स्टेशनची वाट गावातूनच जाते. गावात ते आहेत. धुकं थोडं वर सरकलंय, पायऱ्या दिसतात. अजून कुणी नाही.


रविवार

त्यांच्या आईचा फोन. लाविनियाने तिला योलांदाबाईंच्या फोनवरून कळवलं होतं, की मी काहीबाही बोलतेय.

मी सांगितलं. सगळं. कपार, लाल चड्डी, दात. सांगू नये असं वाटत होतं तरी सांगितलं. त्या बाईचा मुलगा तिथे पाण्यात आहे, कुणीतरी त्याला बाहेर काढायला हवं. तो तिचा आहे.

पलीकडून नुसता श्वास. मग तिने विचारलं, तो जेवतो का?

मी म्हटलं, सिन्योरा, तो तुमचा मुलगा नाहीये.

ती म्हणाली, "पण जेवतो ना? मला आई म्हणेल ना?"

मी रडायला लागले. तीही रडत होती. म्हणाली, बाळा, तू घाबरलीयेस, एकटी आहेस, कुठे आहेस तू आत्ता? तिचा आवाज इतका माझ्या आईसारखा होता की मी सांगितलं. वरच्या चॅपेलपाशी, म्हटलं.

शहाणी आहेस, म्हणाली. तिथेच थांब. हलू नकोस. मी मुलांना सांगते.

आणि फोन ठेवला —


मी का सांगितलं


चॅपेलला कुलूप आहे. मागे उतार, खाली सरळ कडा. आईला लावतेय. माझ्या आईला. लागत नाही. पुन्हा —

पायऱ्यांवर आवाज. ओल्या पायांचा.

लाविनिया पुढे आहे. ती कोरडी आहे, अजून तीच आहे, तिला हाक मारू का? मागे ते दोघे, आणि तिसरं काहीतरी आहे त्यांच्या मागे. माझ्याएवढ्या उंचीचं. त्याला तोंड अजून नीट —

ती माझ्याकडे बघत नाही. ती मागे वळून त्याला सांगतेय. ऐकू येतंय मला. वेर्चेल्ली, म्हणतेय. भाताची खाचरं. हसताना मान डावीकडे कलते तिची. आईला ती माम्मी म्हणते, शेवटचं अक्षर लांबवून. रात्री दिवा चालू ठेवून झोपते. रोज वही लिहिते, बारीक अक्षरात, आणि

ते म्हणून बघतंय. माम्मी —

माझ्याच आवाजात —